डावीकडून पहिला

१

सकाळी साडेसातला आमच्या पेपरच्या पहिल्या पानानं एका माणसाचं डोकं फोडलं. विटा मारणारे हात दुसऱ्यांचे होते, हे खरं. पण कोणाला मारायचं ते आम्ही दाखवलं होतं.

वैद्यनाथन नावाचे गणिताचे मास्तर क्रोमपेटच्या बस स्टॉपवर शाळेत जाण्यासाठी उभे होते. समोरच्या चहाच्या टपरीवर आमचा पेपर पडला होता. पहिल्या पानाच्या डाव्या बाजूला चार कॉलमी फोटो होता, कुठल्याशा गृहप्रवेशाच्या पूजेचा. मधे मडिसार, म्हणजे इकडचं नऊवारी, नेसलेली एक बाई आणि तिच्या दोन बाजूंना दोन पुरुष. खाली ओळ होती : 'फरारी सुपरवायझर चंद्रमौळी (डावीकडून पहिला), बहीण आणि मेहुण्यासोबत.' ओरगडमच्या एका कारखान्यात या चंद्रमौळीनं काम भराभर व्हावं म्हणून प्रेस मशीनची संरक्षक जाळी काढायला लावली होती आणि सोमवारी एक कामगार त्यात सापडून मेला. त्या कामगाराचे गाववाले नेमके टपरीवर चहा पीत होते. त्यांनी फोटो पाहिला आणि मग समोर पाहिलं.

फोटोत डावीकडून पहिला चंद्रमौळी नव्हताच. ते त्याचे मेहुणे होते, वैद्यनाथन सर.

मी अलकनंदा साठये. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याला आवडीच्या रणगाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सांगलीहून चेन्नईत आले. आवडी हे गावाचं नाव आहे. माझी आवड कोणी विचारली नव्हती. वीस वर्षं या इंग्रजी दैनिकाचा फोटो विभाग सांभाळला. आता वाचक-संपादक आहे, म्हणजे वाचकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि आपल्याच माणसांना जाब विचारायचा. थोडक्यात, पगारी नणंद.

साडेदहाला मी ऑफिसात पोचले तेव्हा नंदिता रडून मोकळी झाली होती. फोटोखालची ओळ तिनं लिहिलेली. पेरांबूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी. मराठी घरापुरतं, बाकी सगळं तमिळ आणि इंग्रजी. आमचे मॅनेजिंग एडिटर सिद्धार्थ तिच्या डोक्याशी उभे होते.

"डावं-उजवं कळलं नाही हिला," ते मला म्हणाले. "बाहेरगावच्या आवृत्तीचं पहिलं पान सहाला सुटतं. तोपर्यंत माझ्याकडे दुरुस्ती हवी आणि एक नाव हवं. नाव पोलिसांकडे जाईल, माणूस घरी जाईल."

"मॅडम, मी लेफ्ट बघूनच लेफ्ट लिहिलं," नंदिता म्हणाली. "सत्तियमा, शपथेवर सांगते. रिपोर्टिंगच्या श्रीवत्स सरांनी फोनवर फोटो दाखवला, हा भाऊ, हा नवरा असं सांगितलं, मी लिहून घेतलं, मग त्यांनी तो सिस्टिममध्ये टाकला. पण आता सगळे म्हणतायत तर माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही."

फोटो छापताना उलटा झाला असेल का, आरशात दिसतो तसा? जुन्या सवयीनं मी तपासलं. पुरुषांचे जुब्बे बिनखिशाचे, हातात घड्याळ नाही. बाईचा पदर डाव्या खांद्यावर, चमकी डाव्या नाकपुडीत. फोटो सुलटा होता, म्हणजे चूक ओळीतच होती. मला पोरीची कीव आली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हॉस्पिटलमधून वैद्यनाथन सरांच्या पत्नी कामाक्षी बोलत होत्या.

"तुमच्या वेबसाइटवर आलंय की चूक झाली," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "खाली गेटवर चाळीस माणसं उभी आहेत. ती म्हणतात, कंपनीनं पेपर विकत घेतला म्हणून आज पेपर फिरला. चूक झाली म्हणू नका. कशी झाली ते सांगा. नाहीतर ही माणसं वर येतील."

२

गेटवर खरोखरच चाळीस माणसं होती. प्रत्येकाच्या हातात आमचा पेपर, घडी घालून फोटो वर येईल असा. जन्मात एवढ्या काळजीनं आमचा पेपर कोणी धरलेला मी पाहिला नव्हता.

मेलेल्या कामगाराचा मामा पुढे आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचून तो शांतपणे म्हणाला, "सकाळी तुम्ही खरं छापलंत. दुपारी तुमचं तोंड कोणी बंद केलं?"

"आम्ही चुकलो," मी म्हटलं.

"कसे?"

तेच शोधायला आलेय, मी म्हटलं. त्यानं रस्ता सोडला, पण ती नजर मला जिन्यापर्यंत पाठीत टोचत राहिली. पोलीस फक्त दोन होते आणि दोघंही गर्दीकडे नाही, घड्याळाकडे पाहत होते.

कामाक्षी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. साधी सुती साडी, हातात नवऱ्याचा चष्मा. एक काच तडकलेली.

"माझ्या भावानं केलं ते पाप आहे," त्या म्हणाल्या. "तो सापडला तर मी स्वतः पोलिसांकडे नेऊन सोडीन. पण ह्यांनी आयुष्यात मुंगी मारली नाही."

मी पेपर उघडून त्यांच्यासमोर धरला आणि कोण कुठे ते विचारलं. त्यांनी बोट ठेवलं. डावीकडे नवरा, उजवीकडे भाऊ. मग त्या थांबल्या. त्यांचं बोट फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर गेलं, आणि मी मान वर करून खरा चेहरा पाहिला.

चमकी उजव्या नाकपुडीत होती.

"तुम्ही हिची बाजू बदलता का कधी?"

"बाजू कशी बदलेल? लग्नाआधी टोचलंय. दुसऱ्या बाजूला भोकच नाही."

पेपरातल्या कामाक्षीची चमकी डावीकडे. म्हणजे फोटो उलटा छापला गेला होता आणि नंदितानं बरोबर लिहिलं होतं. मी सकाळी याच चमकीवर बोट ठेवून फोटो सुलटा ठरवला होता.

पण मग पदराचं काय? छापलेल्या फोटोत तो डाव्या खांद्यावर होता, जिथे असायला हवा तिथेच. फोटो उलटा असेल तर मूळ फोटोत पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि तसा कोण घेतं? चमकी एक सांगत होती, पदर दुसरंच. मी कामाक्षींना विचारणार, एवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. दार बंद झालं. घड्याळात दीड वाजला होता.

३

सिस्टिममध्ये तो फोटो कोणी उघडला त्याची नोंद राहते, काय केलं त्याची राहत नाही. जुनी प्रतही राहत नाही; शेवटची तेवढी टिकते. चौघांनी फोटो उघडला होता. बातमीदार श्रीवत्स, ज्यानं कामाक्षींच्या शेजाऱ्यांकडच्या अल्बममधून फोनवर तो टिपला. नंदिता. पान लावणारा वेंकट. आणि शेवटी आमचा फोटो एडिटर अनय, साडेपाच वाजता.

श्रीवत्स सकाळपासून एन्नोरला कोळ्यांच्या होडीत होता, पाण्यावर आलेल्या तेलाच्या तवंगाची बातमी करायला. त्याचा फोन लागत नव्हता.

मी आधी वेंकटला धरलं. त्याच्यावर माझा संशय होता, लपवत नाही. पान लावणाऱ्यांचा एक धर्म असतो : फोटोतली माणसं पानाच्या आत पाहायला हवीत, बाहेर नाही. बाहेर पाहणाऱ्या माणसाबरोबर वाचकाची नजरही पानाबाहेर जाते. हा धर्म पाळण्यासाठी वेंकटनं पूर्वी दोनदा फोटो आरशासारखे फिरवले होते. एकदा एका क्रिकेटपटूला त्यानं डावखुरा करून टाकलं होतं आणि शंभर पत्रं मला आली होती.

"फोटो तू उलटा केलास?"

वेंकट चिडला नाही. त्यानं पेपर टेबलावर पसरला.

"मॅडम, हे तिघं कुठे बघतायत?"

तिघं होमाकडे पाहत होते, आणि होम फोटोच्या डावीकडे कुठेतरी होता. फोटो पानाच्या डाव्या कडेला. म्हणजे तिघंही थेट पानाबाहेर पाहत होते.

"पाचला मी चौकट ठेवली तेव्हा ते आत बघत होते. म्हणून तर डावीकडे ठेवली," वेंकट म्हणाला. "नंतर कोणी मूळ फोटो बदलला तर चौकटीतला आपोआप बदलतो. पान सुटताना मी क्रीडेच्या पानावर होतो. मी फिरवला असता, तर असा फिरवला असता?"

बरोबर होतं. वेंकट चोरी करील, पण माणसं बाहेर बघायला लावणार नाही. म्हणजे पाचनंतर कोणीतरी फोटो फिरवला होता, आणि त्यासाठी त्याच्याकडे वेंकटच्या धर्माहून मोठं कारण होतं.

उरला अनय. तो पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आला होता, माझ्याच शब्दावर. पुण्याच्या एका कॉलेजात दर मे महिन्यात मी फोटो निवडायला शिकवत असे, तिथला माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी. तो खोटं बोलत नाही. डेस्कवर त्याचा डबा तसाच पडला होता.

"अनय, तो फोटो तू उलटा केलास का?"

"नाही, ताई." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. "उलट मीच तर..."

माझा फोन वाजला. श्रीवत्स. होडी किनाऱ्याला लागली होती. मी उठले आणि अनयचं वाक्य तिथेच राहिलं.

४

श्रीवत्स साडेतीनला आला, पायघोळ पँट गुडघ्यापर्यंत काळी, अंगाला डांबराचा वास. पन्नाशीचा माणूस, तंजावरच्या मराठी घरातला. आमच्याशी बोलताना त्याची मराठी दीडदोनशे वर्षं मागून येते, आणि वाटेत तमिळ घेत येते.

मधल्या वेळात कामाक्षींचा निरोप आला होता. ऑपरेशन झालं, शुद्ध नाही. गेटवरची माणसं आता जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती.

"फोटो दाखवा," मी म्हटलं.

श्रीवत्सनं फोन पुढे केला. तेच तिघं. डावीकडे चंद्रमौळी, उजवीकडे वैद्यनाथन सर. होम उजवीकडे, चमकी उजवीकडे. आणि कामाक्षींचा पदर उजव्या खांद्यावर.

मी फोटोकडे पाहिलं आणि माझी बोटं शिवशिवली. आता सगळं माहीत होतं, चमकी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले होते, तरीही माझा डोळा ओरडून सांगत होता की हा फोटो चुकीचा आहे, फिरव.

"हा उलटा दिसतोय," माझ्या तोंडून गेलं.

श्रीवत्स हसला. मला त्याचा रागच आला.

"उलटा नव्हें, अलकाबाई. हीं अय्यर ब्राह्मण, त्यांची बाई मडिसार नेसली कीं पदर उजव्या खांद्यावरच. अय्यंगारांत डावीकडे. आणि मूकुत्ति, तें चमकी म्हणतां तुम्ही, ती इकडे उजवीकडेच टोंचतात जुन्या बायका. वेंकटाला विचारा. त्यानें छापलेला पाहून अय्यंगार समजला असेल, सरि, ठीक, म्हणून गप्प राहिला. तीस वर्षें येथें राहून तुम्हांस हें कोणीं सांगितलें नाहीं?"

सांगितलं असेल. तीस वर्षांत मी इथला उकाडा, इथली भाषा, ताकातला भात, सगळं अंगवळणी पाडलं. रस्त्यात उजवा पदर शेकडो वेळा पाहिला असेन. पण फोटो तपासताना माझा डोळा सांगलीचाच राहिला होता.

मी खुर्चीत बसले. आता कोडं उरलं नव्हतं, आणि ते उरलं असतं तर बरं असं मला वाटलं. श्रीवत्सनं फोटो फिरवला नव्हता, त्याच्या फोनमध्ये तो बरोबर होता. नंदितानं त्यावरूनच ओळ लिहिली होती. वेंकटनं तोच फोटो पाहून चौकट ठेवली होती. फोटो ज्यानं फिरवला त्याला पान बिघडवायचं नव्हतं, कोणाचा जीवही घ्यायचा नव्हता. त्याला हा फोटो पाहताना तेच वाटलं होतं जे आत्ता मला वाटलं. आणि या इमारतीत माझ्या डोळ्यानं पाहणारा दुसरा माणूस एकच होता.

मी दिवसभर सगळ्यांना चुकीचा प्रश्न विचारत होते.

५

अनय अजून डेस्कवरच होता. डबा अजून तसाच.

"अनय," मी म्हटलं, "काल साडेपाच वाजता तू तो फोटो सुलटा केलास का?"

"हो, ताई."

एका क्षणाचा उशीर न लावता म्हणाला. चेहऱ्यावर अपराध नव्हता, थोडा अभिमानच होता.

"तेच तर मघाशी सांगत होतो. अल्बममधला फोटो उलटा आला होता. पदर उजवीकडे, चमकी उजवीकडे. दोन-दोन खुणा. मी फिरवून सरळ केला. ओळ तपासायला नंदिताला मेसेजही टाकला होता, पण ती तेव्हा निघून गेली होती बहुतेक. मला वाटलं, फोटो उलटा हे तिच्याही लक्षात आलं असणार, तिनं ओळ सरळ फोटोचीच लिहिली असणार."

मी श्रीवत्सचा फोन त्याच्यासमोर ठेवला आणि कामाक्षींच्या नाकातली चमकी कुठे आहे ते सांगितलं. मग अय्यरांचा पदर. मी हळूहळू सांगत होते, कारण त्याला ते जितक्या उशिरा कळेल तितकं बरं असं मला वाटत होतं.

कळलं तेव्हा त्यानं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

"ते मास्तर," तो म्हणाला. "मी केलं ते?"

"पदर, खिसा, चमकी," मी म्हटलं. "या तीन खुणांवरून फोटो उलटा ओळखायचा, हे तुला कोणी शिकवलं?"

पुण्याच्या वर्गात फळ्यावर ते तीन शब्द मी खडूनं लिहीत असे आणि खाली दोन रेघा ओढत असे. हजारातून एकदाही चूक होत नाही, असं म्हणत असे. पुण्यात होत नव्हतीच.

"तुमचं नाव नका घेऊ, ताई," अनय म्हणाला. "फिरवला मी."

सिद्धार्थ दारात उभे होते. किती वेळ, कोणास ठाऊक.

"मिळालं तर नाव," ते म्हणाले. "पाच वाजलेत."

६

मी सिद्धार्थना त्यांच्या केबिनमध्ये नेलं आणि दार लावलं. नाव देते, म्हटलं, पण दुरुस्ती पहिल्या पानावर, त्याच जागी, त्याच मापाची. ते म्हणाले, असं कोणी करत नाही, पाचव्या पानावर तळाला जाते. मी म्हटलं, मग गेटवरचा मामा पाचव्या पानाच्या तळापर्यंत वाचत येईल का ते त्याला विचारून या.

त्यांनी मान डोलावली. वाईट माणूस नाही. फक्त घाबरला की घाईनं एखादं डोकं मागतो.

माझी कल्पना साधी होती. मूळ फोटो आणि आम्ही छापलेला फोटो शेजारीशेजारी छापायचे आणि खाली सांगायचं की पदर आणि चमकी पाहून आम्ही कसे फसलो. तमिळ घरातली कुठलीही बाई ते क्षणात समजली असती. कंपनीनं विकत घेतलेला पेपर अशी मूर्ख, अशी खरी चूक कबूल करत नाही.

मी कामाक्षींना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या नाकामुळे?"

"माझ्या डोळ्यांमुळे," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "थांबा. फोन ठेवू नका." पायऱ्यांवर चपला वाजल्या. गर्दीचा गलका जवळ आला. मग त्यांचा आवाज, माझ्याशी नाही, दुसऱ्या कोणाशी तरी : "तुम्ही त्या मशीनमध्ये गेलेल्या मुलाच्या आई ना? हा फोटो धरा. आता माझ्याकडे बघा. माझं नाक बघा."

गलका थांबला. मी कान दाबून उभी होते, समोर सिद्धार्थ, दारात नंदिता. कितीतरी वेळानं एक म्हातारा, बसका बायकी आवाज आला. "ही बाजू ती नाही." आणि नंतर, मोठ्यानं, कोणालातरी : "अरे, ही बाजू ती नाही. दुसऱ्याला मारलंत तुम्ही."

कामाक्षी परत फोनवर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"त्या पायरीवर बसून रडतायत," त्या म्हणाल्या. "माणसं उठतायत. पण सगळीच इथे नाहीत. क्रोमपेटला आहेत, ओरगडमला आहेत. तुम्ही सगळं छापा, उद्या सकाळी प्रत्येक टपरीवर जायला हवं. फक्त ह्यांचा फोटो छापू नका. सुलटाही नको. ह्यांचा चेहरा आता कुठल्याच टपरीवर नको मला."

मी हो म्हटलं. वीस वर्षं फोटो निवडले. न छापायचा फोटो इतका सहज कधी निवडला नव्हता.

मजकूर मी लिहिला. फोटो कसा फिरला, का फिरला, पदर, चमकी, सगळं, चौथीतल्या मुलाला कळेल असं. नावाच्या जागी लिहिलं की फोटो ओळखण्याचा हा अर्धवट नियम आमच्या फोटो विभागाला मी शिकवला, आणि इथले अपवाद शिकवले नाहीत, जबाबदारी माझी. खाली सही केली. सिद्धार्थनी वाचलं आणि विचारलं, पोलिसांना हेच सांगणार का. मी म्हटलं, पोलिसांना, वाचकांना आणि तुम्हालाही, आणि राजीनामा हवा असेल तर टाइप करायला दोन मिनिटं लागतील. त्यांनी नंदिताकडे पाहिलं.

"तू घरी जाऊ नकोस," ते म्हणाले. "पान सोडायचंय."

अनय उठून माझ्याजवळ आला. त्याला हॉस्पिटलला जायचं होतं. मी म्हटलं, जा, पण माफी मागायला नाही, रात्री त्या बाईंजवळ कोणी बसायला नाही म्हणून जा. तो गेला. माझं म्हणणं त्याला पटलं नव्हतं, हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. फिरवणारा हात आपला होता, हे तो जन्मभर विसरणार नाही, आणि मी कितीही सह्या केल्या तरी ते ओझं त्याच्यावरून माझ्यावर पूर्ण येणार नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं.

सहाला दहा मिनिटं असताना वेंकटनं पान उघडलं. डावीकडे चार कॉलमांची चौकट रिकामी. त्यानं सवयीनं विचारलं, काय टाकू.

"काही नाही," मी म्हटलं. "रिकामी सोड. ओळ नंदिता लिहील."

नंदितानं कीबोर्ड ओढला. तिची बोटं दोनदा थांबली. मग तिनं एका दमात टाइप केलं, आणि वेंकटनं ते पांढऱ्या चौकटीखाली बसवलं :

'वैद्यनाथन, गणिताचे शिक्षक. काल याच जागी आम्ही त्यांना गुन्हेगार म्हणून दाखवलं. त्यांचा काहीही गुन्हा नाही.'